जुन्या फिशिंग बोटीतलं कार्पेट आणि खालचा तळ बदलायचाय, कुणी केलंय का?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी,

मिनेसोटात राहून हे चौदावं वर्ष. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं छापलेलं असतं आणि तो चक्क विनय आहे, कारण दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ मोजलेली आहेत. एवढी वर्षं मी काठावर उभा राहून गळ टाकत होतो. गेल्या ऑक्टोबरात पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांनी गुडघे साथ देईनात म्हणून आपली १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट विकायला काढली. १९९४ सालची. किंमत ऐकून मी दोन मिनिटांत हो म्हटलं. बायको म्हणते, चौदा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मोठं गळाला लागलं, ते म्हणजे तू.

आता अडचण. बोटीत राखाडी कार्पेट आहे. उन्हाने कडक होऊन पापडासारखं झालंय, कडा सुटल्यात. पुढच्या डेकवर उभं राहिलं की उजवा पाय चांगला अर्धा इंच खाली जातो. शिवाय गराज उघडलं की वास येतो. नुसता माशाचा असता तर मी तक्रार केली नसती, हा ओल्या पोत्याचा आहे.

जुन्या कार्पेटवरच नवं चिकटवलं तर चालेल का? की कार्पेटचा नाद सोडून प्लास्टिकसारखं व्हायनल घालावं? खाली प्लाय कुठला वापरायचा? इथे दुकानात पाण्यापावसासाठी औषध मुरवलेलं लाकूड मिळतं, तेच सगळ्यात जास्त टिकेल असं मला वाटतंय.

वॉलाय ह्या इथल्या माशाचा मोसम मेच्या मध्यावर उघडतो. आज फेब्रुवारीचा शेवट, बाहेर उणे अठरा. सुतारकामाचा अनुभव म्हणाल तर एक चपलांचा रॅक. तो डुगडुगतो.

सुरमईप्रेमी

फोटो? फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय कालवण.

खाजणातला

शीर्षक वाचून दचकलो. बोटीचा तळच बदलायचा तर मग उरलं काय? आत्ता कळलं, तुम्ही आत पाय ठेवायच्या फळ्यांबद्दल बोलताय. वाचतोय.

तारकर्लीचो_झील

आमच्या घरात आजून शेणान सारवतत आणि तुमच्या होडयेत गालिचो! माका आधी ह्यां सांगा, चपला भायर काढून चढतास काय?

डेट्रॉइटचा_दादा

जुन्यावर नवं अजिबात चिकटवू नका. पाय खाली जातोय ना? मग कार्पेट हा तुमचा प्रश्नच नाही. खालचा प्लाय कुजलाय.

मी २०१९ साली मिशिगनमध्ये १७ फुटी बोटीचं हेच काम केलंय. 'एका शनिवार-रविवारात होईल' म्हणून सुरुवात केली आणि सात आठवडे गराजमध्ये गाडी लावता आली नाही. अनुभवाचे बोल सांगतो.

पहिलं, काहीही उचकटायच्या आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, वायरी कुठून कुठे जातात त्यांचेसुद्धा. आपल्याला वाटतं लक्षात राहील. नाही राहत. मी एक स्विच कशाचा हे अजून शोधतोय.

दुसरं, कार्पेट एका कोपऱ्यातून धरून सावकाश मागे ओढत न्या. ते निघेल, गोंद राहील. जिथे प्लाय फेकूनच द्यायचाय तिथला गोंद खरवडत बसू नका. मी बसलो होतो, दीड दिवस, मूर्खासारखा. ॲल्युमिनियमवरचा मात्र काढावाच लागतो. हीट गनने मऊ करायचा आणि पत्र्याच्या खरवडणीने ओढायचा. कार्पेटखाली स्क्रूंची डोकी गोंदाने भरलेली सापडतील. आधी टाचणीने किंवा दाभणाने ती खाच साफ करा, मगच स्क्रू ड्रायव्हर लावा, नाहीतर डोकं गोल होईल आणि ड्रिल घेऊन बसावं लागेल.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुजलेला प्लाय फेकायचा नाही. तुकडे झाले तरी जमिनीवर जुळवून ठेवायचे. तोच तुमचा नमुना. बोटीत एकही कोपरा काटकोनात नसतो, टेप लावून मोजायला गेलात तर रडाल.

आणि फळी उचलल्यावर खाली पिवळट फोम दिसेल. तो हाताने दाबून बघा. २० फुटांखालच्या अशा बोटी आत पाणी भरलं तरी तरंगत राहिल्या पाहिजेत असा इथल्या तटरक्षक दलाचा नियम आहे, त्यासाठी तो भरलेला असतो. कोरडा असताना घनफुटाला साधारण दोन पौंड. पाण्याचं घनफूट बासष्ट पौंडांचं. फोम पाणी प्यायला की मधला हिशेब तुम्हीच करा. माझ्या बोटीतला फोम कचऱ्याच्या पिशवीत भरला तर ती पिशवी दोघांना उचलेना. तेवढं ओझं इंजिन वर्षानुवर्षं ओढत होतं आणि मी आपला दर उन्हाळ्यात कार्ब्युरेटर साफ करत होतो.

सदाशिवपेठी_शाकाहारी

बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही, मासे तर त्याहून नाही. पण हे वाचून आमचं २०१६ सालचं बाथरूम आठवलं. 'दोन टाइल्स हलतात हो' म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तिसऱ्या दिवशी आम्ही खालच्या जोश्यांच्या छताकडे वरून बघत होतो.

सुरमईप्रेमी

@शाकाहारी, जोश्यांनी वर बघून काय म्हटलं?

सदाशिवपेठी_शाकाहारी

म्हणाले, या ना, चहा घेऊन जा. जिन्याने या.

रसायनी_रमा

मूळ प्रश्नातली एक गोष्ट कुणी पकडली नाही म्हणून घाईघाईने लिहितेय. ते औषध मुरवलेलं लाकूड ॲल्युमिनियमच्या बोटीत घालू नका. दुकानदार 'जमिनीत गाडलं तरी वीस वर्षं टिकतं' म्हणेल, आणि लाकूड टिकेलही. बोट टिकणार नाही.

त्या औषधात तांबं असतं. लाकूड ओलं झालं की तांब्याचे क्षार पाझरून ॲल्युमिनियमवर येतात. तांबं आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकमेकांना टेकले की छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. आधी पांढरी भुकटी दिसते, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, मग भोकं. अमेरिकेत २००३ पर्यंत घरगुती वापराच्या लाकडात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. आर्सेनिकमुळे ते बंद झालं, आणि त्यानंतर जी औषधं आली त्यांत तांब्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे कुणाच्या काकांच्या जुन्या बोटीला काही झालं नाही, हा पुरावा आता चालणार नाही.

स्क्रूसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. स्टेनलेस घ्या.

तळ्यातमळ्यात

बाप रे. काल संध्याकाळी दोन शीटा आणून ठेवल्यात. पावती शोधतो.

प्लायवाला_पुणे

आमचा धंदाच हा. तीस वर्षं प्लाय विकतोय, म्हणून थोडं बोलतो.

'मरीन प्लाय सडत नाही' हा गैरसमज आमच्याच लोकांनी पसरवलाय, कारण त्यावर किचन ट्रॉल्या खपतात. भारतात मरीन प्लायवर आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटतात का ते बघतात. म्हणजे परीक्षा मुख्यतः गोंदाची. लाकडाचे थर आत सलग असतात, पोकळ्या नसतात, हा दुसरा फायदा. तरी लाकूड ते लाकूडच. कडेने पाणी प्यायलं आणि वाळायला वाव मिळाला नाही की मरीनचाही भुगा होतो.

तुमच्याकडे बाहेरच्या वापराचा साधा प्लाय मिळतो, त्यातही गोंद पाणी सोसणाराच असतो. गोड्या पाण्यातल्या छोट्या बोटीला तो चालेल असं माझं मत. वाचलेले पैसे एपॉक्सीवर घाला, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पाणी अडवणाऱ्या लेपावर. फक्त शीट उभी करून कडा बघा, थरांत काळी भोकं दिसली तर ती परत ठेवा आणि पुढची ओढा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे. मीही करतो.

डेट्रॉइटचा_दादा

@प्लायवाला, सहमत. फक्त खालची बाजूही तितकीच रंगवायची. लोक वरून तीन हात मारतात, कारण वरचं दिसतं. पाणी खालून येतं.

खाजणातला

आता माझे दोन पैसे. आमची बोट रत्नागिरीकडची, आजोबांच्या वेळची लाकडी, आता फायबरची. कार्पेटबिर्पेट आम्ही कधी पाहिलं नाही. पण फळी का कुजते हे लहानपणापासून ऐकत आलोय.

आमच्याकडे लोक म्हणायचे, खाऱ्या पाण्याला भिऊ नको, गोड्याला भी. समुद्राचं पाणी डेकवर रोज पडतं, उन्हाने वाळतं, मीठ लाकडात राहतं. मिठात बुरशी धरत नाही. कुजवतो तो पाऊस. फटीत पावसाचं पाणी शिरलं आणि साचून राहिलं की दोन पावसाळ्यांत फळी मऊ. म्हणूनच जूनमध्ये बंदी लागली की बोटी वर ओढून शाकारायच्या. वर झावळ्या, आता प्लास्टिकचा कागद. पण दोन्ही बाजूंना वारा खेळता ठेवायचा. गच्च आवळून बांधलेली बोट आतून घामते. फटींत कापूस ठासून वर राळ आणि तेल, आणि सगळ्या लाकडाला मुशीच्या काळजाचं किंवा उंडीचं तेल. त्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की लग्नाच्या मांडवातही येतो.

तुमची तर सगळी तळीच गोडी. त्यात वरून कार्पेट, म्हणजे लाकडाला ओलं कांबळं पांघरून झोपवल्यासारखं. कार्पेट बदलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर पहिला प्रश्न हा विचारला असता, की आत आलेलं पाणी बाहेर कुठून जातं?

भाऊचा_धक्का

@खाजणातला, मीठ लाकूड राखतं हे ठीक, पण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो त्याचं काय? आमच्या एका होडीची चाळण झाली होती.

खाजणातला

तो पाण्याखालच्या भागाला लागतो, डेकला नाही. आपण डेकचं बोलतोय. आणि किड्यासाठीच तर बोट वर ओढून तळ वाळवतात, रंग लावतात.

इतिहासवेडा

लाकडी बोटींचा विषय निघालाच आहे तर. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, वर चढून बघता येते. दोनशे वर्षं! तेव्हा साग वापरा.

डेट्रॉइटचा_दादा

@इतिहासवेडा, सागाचा इथला भाव माहीत आहे का? डेक सागाचं केलं तर बोट विकावी लागेल. आणि साग जड, ह्याची बोट म्हणजे पत्र्याचा डबा.

ह्यूस्टनची_मावशी

मी कार्पेटच्या विरोधात बोलायला आले आहे. घरात नवरा आणि मुलगा दोघंही मासेमारीवाले, बोट धुण्याचं काम मात्र न सांगता माझ्याकडे.

कार्पेटमध्ये गळ अडकतो. साधा गळ ठीक, पण तीन आकड्यांचा गळ कार्पेटात रुतला की एक आकडा सोडवेपर्यंत दुसरा बसतो. शेवटी कात्रीने कार्पेट कापावं लागतं. आमच्याकडे अशी नऊ टकलं होती. माशाचा चिकटा त्यात मुरतो. महाभारतातल्या मत्स्यगंधेला निदान पराशर ऋषी भेटले, तिची योजनगंधा झाली. आमच्या बोटीला कुणी ऋषी भेटला नाही, तरी वास योजनभर येत होता.

तीन वर्षांपूर्वी सगळं काढून व्हायनल घातलं. पाइप मारला की स्वच्छ. एक दोष सांगते, ऑगस्टमध्ये टेक्सासच्या उन्हात त्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. रंग फिका घ्या. आम्ही गडद तपकिरी घेतला, 'लाकडासारखा दिसतो' म्हणून. लाकडासारखा दिसतो आणि तव्यासारखा तापतो.

गळाघाट

@मावशी, मी कार्पेट पार्टी. मुख्य मुद्दा आवाजाचा. ॲल्युमिनियमच्या बोटीत पक्कड पडली तर ढोल वाजल्यासारखा आवाज होतो आणि उथळ पाण्यातला बास मासा तिथून पसार. कार्पेटवर पडली तर धप्प. शिवाय ओल्या व्हायनलवर मी एकदा आडवा झालोय, कोपर अजून दुखतं.

कार्पेट घ्यायचं तर पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. तो धागा स्वतः पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मधे राहतं. घरातला उरलेला गालिचा घालणारे महाभाग मी पाहिलेत, तो महिनाभरात शेवाळतो.

ह्यूस्टनची_मावशी

धागा पाणी पीत नाही, मधे राहतं. म्हणजे राहतंच ना? :)

गळाघाट

हल्ली एक तिसरा पर्याय आहे, ईव्हीए फोमच्या चटया. चपलेच्या तळव्याचंच मटेरियल. मऊ, आवाज नाही, घसरत नाही, धुता येतं. महाग आहे, आणि गळ किंवा सुरी लागली की चीर पडते. माझ्या मित्राने फक्त उभं राहायच्या जागेपुरती लावली आहे, बाकी सगळीकडे रंगात बारीक वाळू मिसळून हात मारलाय. दिसायला रिक्षा दिसते, पण चालतंय.

तारकर्लीचो_झील

माका एक सांगा. ह्यो बास मासो खातास तरी काय?

गळाघाट

नाही, बहुतेक वेळा सोडून देतो. फोटो काढायचा, वजन बघायचं, परत पाण्यात.

तारकर्लीचो_झील

सोडून देतास?! गालिच्यावर उभो रवान मासो धरतास, तेचो फोटो काढतास आणि परत सोडतास. मासो नाय तो, पावणो आसा.

सुरमईप्रेमी

हसून पुरेवाट. 'मासो नाय, पावणो आसा.'

तळ्यातमळ्यात

@झील, वॉलाय मात्र आम्ही खातो. पांढरं, घट्ट मांस, काटे कमी. रव्यात घोळवून तळला तर सुरमईची आठवण... नको, इथे भांडण होईल.

सुरमईप्रेमी

होईलच. गोड्या पाण्यातल्या माशाने सुरमईची आठवण काढायची नाही. आंबट कशाचं लावता? कोकमाचं आगळ तिथे मिळतं का? तिरफळं?

संपादक

पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. कृपया मूळ विषयाकडे वळावे.

तळ्यातमळ्यात

एप्रिलचा पहिला आठवडा. प्रगती सांगतो.

औषधवाल्या शीटा परत केल्या. रमाताई, तुमचे उपकार. दुकानातला मुलगा म्हणाला, 'पण ह्या जास्त टिकतात!' मी त्याला गराजमध्ये उभं राहून बॅटरीचा धडा देणार होतो, बायकोने ओढून नेलं.

कार्पेट एका दुपारीत निघालं. दादा म्हणाले तसंच, पुढची फळी हाताने उचलली तर काठाचा भाग ओल्या चहापावडरीसारखा हातात आला. स्क्रू धरायला लाकूडच उरलं नव्हतं, ते नुसते भोकांत उभे होते. फळीच्या मागे सापडलेला ऐवज असा: अकरा गळ, १९९७ सालचं एक पावली डॉलरचं नाणं, आणि वाचायचा चष्मा. चष्मा आजोबांना नेऊन दिला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, 'ह्याच्यावरून मी दोन्ही नातवांना रडवलं होतं.'

फोम. मधला भाग कोरडा, मागचा, मोटरीकडचा, चिंब. शिडीच्या टोकाला पाव कापायची जुनी सुरी बांधून ठोकळे कापून काढले. पिशव्या न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या, सगळ्या मिळून १८६ पौंड. म्हणजे मी, आणि वर एक सुटकेस. एवढी वर्षं आजोबा माझ्यासारख्याच एका माणसाला फळीखाली झोपवून फिरत होते.

खाजणातले, तुमचा प्रश्न मी कागदावर लिहून गराजच्या भिंतीवर लावलाय. उत्तर सापडलं. आडव्या फासळ्यांना खाली पाणी जायला भोकं आहेत, पण आधी कुणीतरी फोम ओतताना ती बुजवून टाकली होती. पाणी पुढून आलं की मधेच अडायचं. आता फोमच्या खालून एक अर्धा पाइप पुढून मागपर्यंत पालथा टाकणार आहे, म्हणजे वाट मोकळी राहील.

अडलोय ते एपॉक्सीवर. पहिला हात मारून दोन दिवस झाले, अजून बोट लावलं तर चिकट.

डेट्रॉइटचा_दादा

गराजमध्ये तापमान किती?

तळ्यातमळ्यात

चाळीस-पंचेचाळीस. अर्थात फॅरनहाइट.

डेट्रॉइटचा_दादा

मग ते मे महिन्यातच वाळेल. :) एपॉक्सी घट्ट करायला जो हार्डनर मिसळतात, त्यातल्या साध्याला साठच्या वर उब लागते. फळ्या घरात न्या.

रसायनी_रमा

फळ्या घरात न्या, पण पुढचे हात घरात मारू नका, आणि कार्पेटचा गोंद तर मुळीच नाही. गराजमध्ये गॅसचा गीझर असेल तर गोंद लावण्याआधी त्याची ज्योत बंद करा, दार उघडं ठेवा. आणि पहिला थर वाळल्यावर वर मेणासारखी चिकट साय येते. ती साध्या पाण्याने, खरखरीत कापडाने पुसा, मग पॉलिश कागद, मग दुसरा हात. साय तशीच ठेवली तर दुसरा थर सोलून निघतो.

प्लायवाला_पुणे

स्क्रूच्या भोकांचं राहिलं. एवढा तीन हातांचा लेप देऊन त्यात ड्रिल घातलं की पाण्याला दार उघडं. भोक आधी मोठं पाडायचं, एपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. किचकट आहे. पण फळी कुजायला सुरुवात तिथूनच होते, हे तुम्ही स्वतः हातात घेऊन पाहिलंय.

डेट्रॉइटचा_दादा

आणि कार्पेट लावायचं ठरवलं असेल तर झाकणं कापण्याआधी हे वाचा. डेकवरच्या कप्प्यांची झाकणं जुन्या मापाने तंतोतंत कापाल, त्यांना कार्पेट गुंडाळाल, आणि ती बसणार नाहीत. कार्पेट चारी कडांवरून खाली वळतं आणि भोकाच्या कडेलाही असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन जाड्या. नव्या कार्पेटचे दोन तुकडे एकावर एक दाबून मोजा, तेवढं प्रत्येक बाजूने कमी करा. आणि सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर एक झाकण उन्हात वेगळ्याच रंगाचं दिसतं. माझं दिसतं. पाहुणे विचारतात, हे नंतर बदललं का?

खाजणातला

बोट ठेवता कुठे? पाऊस-बर्फ?

तळ्यातमळ्यात

हिवाळ्यात गराजमध्ये. उन्हाळ्यात अंगणात ताडपत्रीखाली, नाक वर करून, म्हणजे पाणी मागे जाऊन बुचातून निघतं. इथे तसा कायदाही आहे. तळ्यातून बोट काढली की बूच काढून सगळं पाणी सांडायचं आणि रस्त्यावर बूच उघडंच ठेवून न्यायची. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात म्हणून.

खाजणातला

कायदा चांगला आहे. ताडपत्रीखाली मधे एक आडवी काठी घाला, कापड डेकला टेकू देऊ नका.

ह्यूस्टनची_मावशी

पण कार्पेट की व्हायनल, ते सांगा ना! शंभर प्रतिसाद होत आले.

तळ्यातमळ्यात

@मावशी, दोन्ही. खालची जमीन, जिथे मासा पडतो, तिथे फिकं राखाडी व्हायनल. पुढच्या डेकवर, जिथे मी उभा राहतो आणि हातातून वस्तू पाडतो, तिथे कार्पेट.

ह्यूस्टनची_मावशी

म्हणजे कुणालाच दुखवलं नाही. सासरी चांगलं नाव असेल तुमचं.

तळ्यातमळ्यात

मेचा तिसरा आठवडा. झालं.

चार झाकणांपैकी तीन बसली. चौथं मी दादांचा प्रतिसाद येण्याआधीच कापलं होतं. ते बसत नाही, म्हणून त्याच्या कडेचं कार्पेट कापून टाकलंय आणि त्यावर कुणी बघू नये म्हणून डबा ठेवलाय. पाय कुठेच खाली जात नाही. मुद्दाम उड्या मारून पाहिल्या. आजोबांना बोलावलं होतं. त्यांनी बूट काढून आत पाय ठेवला (झीलभाऊ, नोंद घ्या), डेकवर टाचेने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, 'ही मी विकली तेव्हा अशी वाजत नव्हती.'

फोटो रात्री टाकतो. उद्या पहाटे पाण्यात.

सुरमईप्रेमी

अभिनंदन! फोटो टाकाच.

गळाघाट

उत्तम. पहिल्या फेरीला पक्कड पाडून आवाज कळवा.

खाजणातला

नारळ वाढवा पाण्यात जायच्या आधी. आणि ते बूच हिवाळाभर काढून ठेवलं असेल ना? लावलंत का?

तळ्यातमळ्यात

@खाजणातला, प्रतिसाद आत्ता वाचला. सकाळी साडेसहाला वाचायला हवा होता.

नारळ वाढवला. बूच गाडीच्या कपहोल्डरमध्ये होतं. घोटाभर पाणी आल्यावर कळलं. एवढंच सांगतो, पुढून मागपर्यंतची वाट झकास चालते. बोट ट्रेलरवर ओढल्यावर चार मिनिटांत सगळं पाणी मागून निघून गेलं.